टर्मिनलच्या चिन्हाची आतली बाजू आणि बाहेरची बाजू कधी ठरवावी?

चाकणचा आरेखक

नमस्कार. मी चाकणला पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली सहा वर्षे इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचे काम करतो. आमचे सगळे काम ईप्लॅन या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर चालते. गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती टर्मिनलच्या, म्हणजे पॅनेलमधली वायर आणि बाहेरची केबल जिथे जोडली जाते त्या जोडणीच्या ठोकळ्याच्या, चिन्हाशी संबंधित असून इतरांच्याही हातून सहज होण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एका कन्व्हेयरच्या कंट्रोल पॅनेलचे ४६ शीटचे ड्रॉइंग होते. -एक्स१ या टर्मिनलच्या पट्टीवर पीएलसीचे (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाचे) इनपुट आणि -एक्स२ वर मोटारींच्या वायरी होत्या. एक्स१ वर एकूण ३१ टर्मिनल होते. पट्टी पॅनेलच्या तळाशी, ग्लँड प्लेटच्या (केबली आत घेण्याच्या पत्र्याच्या) थोडी वर बसवलेली होती. त्यामुळे पॅनेलमधल्या वायरी वरच्या डक्टमधून टर्मिनलच्या वरच्या बाजूला यायच्या आणि फील्डच्या, म्हणजे पॅनेलबाहेरच्या वस्तूंच्या, केबली खालून येऊन खालच्या बाजूला लागायच्या, हे उघड होते. टर्मिनल डायग्रामचा, म्हणजे कोणत्या टर्मिनलला काय जोडायचे त्या तक्त्याचा, रिपोर्ट काढला तेव्हा १ ते १८ क्रमांकांसाठी आतल्या रकान्यात पीएलसीचे कार्ड आणि बाहेरच्या रकान्यात सेन्सर असे बरोबर आले होते. १९ ते ३१ मध्ये नेमके उलटे झाले होते. मी पहिले पान पाहिले, ते बरोबर दिसले आणि रिपोर्ट शॉपवर (वायरिंग करतात तिथे) दिला. वायरमनने कागदावर होते तसेच काम केले, त्याचा काहीही दोष नाही. फील्डच्या केबली घ्यायला सुरुवात झाल्यावर १३ टर्मिनलच्या खालच्या बाजूला आधीच पीएलसीच्या वायरी बसलेल्या दिसल्या. त्या सगळ्या सोडवून वर आणाव्या लागल्या. त्यांतल्या चार आखूड पडल्या, म्हणून थेट कार्डापासून नव्या ओढाव्या लागल्या.

कारण शोधल्यावर लक्षात आले की, १९ पासूनची शीट मी कॉपी करून बनवली होती. तिथे टर्मिनलचा क्रमांक शेजारच्या वायरवर येत होता. तो दुसऱ्या बाजूला जावा म्हणून मी चिन्हाचा १८० अंशांत फिरवलेला, म्हणजे उलटा प्रकार निवडला. शीटवर फक्त आकडा डावीकडून उजवीकडे गेल्यासारखे दिसले, पण चिन्हाच्या दोन्ही टोकांची अदलाबदल झाली होती.

माझे दोन प्रश्न आहेत. आतली आणि बाहेरची बाजू ठरवण्याचा तुमच्याकडे काय नियम आहे, आणि तो कोणत्या टप्प्यावर लागू करता? दुसरे असे की, २४ व्होल्टचा कॉमन टर्मिनल चार शीटवर दाखवावा लागतो, तर तो चार वेळा मोजला जाऊ नये यासाठी काय करता?

नाशिकचे पॅनेल

आपण चूक इतक्या नेमकेपणाने मांडली आहे की उत्तरही नेमके देता येईल.

टर्मिनलचे चिन्ह आयईसी ६०६१७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एक लहानसे वर्तुळ असते. त्या वर्तुळात बाजू दिसत नाही आणि सगळी अडचण इथूनच सुरू होते. प्रत्यक्ष वस्तूला दोन तोंडे आहेत, कागदावरच्या गोलाला एकही नाही. सॉफ्टवेअर मात्र त्या गोलाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला वेगवेगळे ओळखते, कारण चिन्ह बनवतानाच त्यातले एक टोक आतले आणि एक बाहेरचे असे ठरवून दिलेले असते. ईप्लॅनमध्ये एकाच चिन्हाचे आठ प्रकार मिळतात. पहिले चार ९०-९० अंशांत फिरवलेले असतात आणि पुढचे चार त्यांचेच आरशातले रूप असतात. गोल कसाही फिरवला तरी गोलच दिसतो, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही. काँटॅक्टरचे (मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) चिन्ह उलटे झाले तर कोणालाही लगेच दिसेल. टर्मिनलचे झाले तर ते रिपोर्ट काढेपर्यंत दिसत नाही.

आमचा नियम असा आहे. उभ्या वायरवर टर्मिनल असेल तर वरचे टोक पॅनेलचे आणि खालचे फील्डचे. आडव्या वायरवर असेल तर डावे टोक पॅनेलचे आणि उजवे फील्डचे. ज्या सर्किटमध्ये फील्डची वस्तू वर काढावी लागते, तिथे चिन्ह जाणीवपूर्वक फिरवतो आणि शीटवर तशी खूण करतो. आकडा आडवा येत असेल तर चिन्हाला हात लावत नाही, फक्त आकड्याचा मजकूर सरकवतो. मजकुराची जागा चिन्हापासून वेगळी हलवता येते ही सोय पुष्कळांना माहीत असते, पण घाईत उलटे चिन्ह निवडणे जास्त सोपे वाटते.

कोणत्या टप्प्यावर, हे विचारलेत. पट्टीची जागा लेआउटमध्ये (पॅनेलमधल्या मांडणीच्या ड्रॉइंगमध्ये) ठरली की लगेच. पट्टी तळाशी असेल, बाजूच्या भिंतीवर उभी असेल किंवा वरून केबल येत असेल, यावर आत-बाहेर ठरते. स्कीमॅटिक (सर्किटचे ड्रॉइंग) आधी आणि लेआउट शेवटी अशी सवय असेल तर चिन्ह अंदाजानेच लावले जाते. शिवाय पहिली तीन-चार शीट झाली की टर्मिनल डायग्राम काढून पाहावा. त्या वेळी १० ओळी वाचायच्या असतात आणि त्या खरोखर वाचल्या जातात. शेवटी ४०० ओळी समोर आल्या की पहिले पान पाहूनच माणूस समाधान मानतो.

नावाबद्दलही थोडे लिहितो. -एक्स१:१९ हे वाचताना वजा चिन्ह वस्तू सांगते, अधिक चिन्ह जागा सांगते, बरोबरचे चिन्ह कार्य सांगते आणि विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर टर्मिनलचा क्रमांक येतो. एक्स हे अक्षर आयईसी ८१३४६-२ मधून आले आहे. अलीकडे काही ग्राहक -एक्सडी१ असे दोन अक्षरी नाव मागतात, तेही त्याच मानकातले आहे. ग्राहकाला काय हवे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण अर्ध्या कामानंतर पट्टीचे नाव बदलले की फेरूलची, म्हणजे वायरीच्या टोकाला चढवायच्या क्रमांकाच्या नळ्यांची, फाइलही बदलते.

वायरिंग सुपरवायझर, भोसरी

मी ड्रॉइंग काढत नाही, वायरमन म्हणून सुरुवात केली आणि आता शॉपवर काम पाहतो. आमच्या हातात येणाऱ्या कागदाबद्दल सांगतो.

वायरमन स्कीमॅटिक क्वचितच उघडतो. त्याच्या हातात टर्मिनलचा तक्ता आणि फेरूलची छापलेली माळ असते. फेरूलवर एक्स१:१९ एवढेच छापलेले असते, टर्मिनलची कोणती बाजू हे त्यावर नसते. बाजू फक्त तक्त्याच्या रकान्यावरून कळते. त्यामुळे रकाना उलटा आला तर अनुभवी माणसालाही शंका येईलच असे नाही, कारण काही पॅनेलमध्ये केबल खरोखरच वरून येते.

दुसरी गोष्ट एका टर्मिनलमध्ये दोन वायरी येण्याची आहे. ड्रॉइंगमध्ये टर्मिनलच्या वर एक टी-जोड काढलेला असतो, म्हणजे एक वायर सरळ आणि एक बाजूला. कागदावर ते स्वच्छ दिसते. पण त्या जोडाच्या जागी पॅनेलमध्ये काहीच नसते. दोन्ही वायरी टर्मिनलमध्येच एकत्र घालायच्या, की एक वायर टर्मिनलवरून रिलेवर आणि दुसरी त्या रिलेवरून पुढच्या रिलेवर न्यायची, हे तो जोड ज्या दिशेचा काढला असेल त्यावर ठरते. ईप्लॅनमध्ये टी-जोडाला दिशा असते आणि त्याप्रमाणे वायरींची यादी बनते. आरेखकाने दिशेकडे दुर्लक्ष केले की आमच्याकडे २.५ चौरस मिलिमीटरच्या टर्मिनलच्या एका तोंडात तीन वायरी असा तक्ता येतो. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये त्या कशाबशा दाबून बसवता येतात, पण वाहतुकीत हादरे बसल्यावर त्यांतली एक सैल होते. पुश-इन टर्मिनलच्या एका छिद्रात तर एकच वायर जाते. मग आम्ही शॉपवरच शेजारी एक जादा टर्मिनल लावतो, त्याला पेनाने १९अ लिहितो आणि ड्रॉइंगमध्ये तो कधीच येत नाही.

आयईसी ६०२०४-१ मध्येही असेच म्हटले आहे की, टर्मिनल त्यासाठी बनवलेला असेल तरच त्यात एकापेक्षा जास्त वायरी जोडाव्यात, आणि अर्थिंगची संरक्षक वायर मात्र प्रत्येक जोडबिंदूला एकच असावी. आरेखकांना माझी विनंती आहे की, जोड टर्मिनलच्या अगदी डोक्यावर काढण्याआधी तिथे चार जोडबिंदूंचा टर्मिनल हवा आहे का, हे पाहावे.

चाकणचा आरेखक

सुपरवायझर साहेब, आपला प्रतिसाद वाचून मी आमच्या त्याच ड्रॉइंगमधले टी-जोड तपासले. एक्स१:५ वर, म्हणजे २४ व्होल्टच्या कॉमनवर, आतल्या रकान्यात तीन वायरी होत्या. शॉपवर ते कसे बसवले हे विचारायला गेलो, तर तिथे पेनाने लिहिलेला ५अ सापडला. आपण लिहिले आहे अगदी तसेच.

छत्रपती संभाजीनगर, ऑटोमेशन

मी ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे त्या बाजूने उत्तर देतो. प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

एकच टर्मिनल अनेक शीटवर दाखवणे चुकीचे नाही. पण त्यातले प्रत्येक चिन्ह म्हणजे स्वतंत्र वस्तू आहे असे सॉफ्टवेअरने समजू नये, यासाठी त्याला तसे सांगावे लागते. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये टर्मिनलच्या ब्लॉकला पट्टीच्या नावाचे टॅगस्ट्रिप, क्रमांकाचे टर्म०१ आणि चिन्हे एकमेकांशी बांधणारे लिंकटर्म असे गुणधर्म असतात. चार शीटवरची चार चिन्हे एकाच वस्तूची असतील तर ती जोडून घ्यावी लागतात. फक्त क्रमांक सारखा लिहिला आणि जोडणी केली नाही, तर पट्टीच्या संपादकात (सॉफ्टवेअरमधल्या टर्मिनलच्या यादीच्या खिडकीत) त्याच क्रमांकाच्या एकापेक्षा जास्त ओळी दिसतात. ईप्लॅनमध्ये यासाठी मुख्य टर्मिनल अशी खूण असते. एकाच चिन्हावर ती ठेवायची आणि बाकीच्यांवरून काढायची. भागाचा क्रमांक मुख्य चिन्हालाच द्यायचा.

दुमजली टर्मिनलमध्येही हाच घोळ होतो. वरच्या आणि खालच्या मजल्याची चिन्हे वेगवेगळी असतात, पण वस्तू एक असते. मजल्याची माहिती भरली नाही तर खरेदीच्या यादीत २० ऐवजी ४० नग येतात. मी हे एकदा प्रत्यक्ष अनुभवले आहे.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. टर्मिनलच्या दोन्ही बाजूंना एकच वायर क्रमांक ठेवणारी चिन्हे वेगळी असतात आणि टर्मिनल ओलांडल्यावर क्रमांक बदलणारी वेगळी असतात. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी असतात. चुकीचे घेतले तर पॅनेलमध्ये १०४ आणि केबलमध्ये १०५ असे क्रमांक पडतात, आणि साइटवर दोष शोधणारा माणूस गोंधळतो.

साइट कमिशनिंग

मी वीज उपकेंद्रांवर चाचणीचे काम करतो. कंट्रोल पॅनेलपेक्षा आमच्याकडे टर्मिनलच्या चिन्हाचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे, म्हणून थोडे विषयाच्या कडेने लिहितो.

करंट ट्रान्सफॉर्मरचे (मोठा प्रवाह मोजमापासाठी लहान करणाऱ्या उपकरणाचे) सेकंडरी सर्किट चालू लोडवर कधीही उघडे ठेवता येत नाही. उघडे राहिले तर त्याच्या टोकांवर धोकादायक व्होल्टेज तयार होते. म्हणून तिथले टर्मिनल साधे नसतात. त्यांत सरकवून उघडता येणारी लिंक असते आणि उघडण्याआधी शेजारच्या टर्मिनलशी शॉर्ट करण्याची सोय असते. ड्रॉइंगमध्ये मात्र मी अनेकदा नुसते गोल पाहतो. रात्री रिलेची चाचणी घेताना हातातल्या शीटवरून मला हे कळायला हवे की लिंक कुठे आहे, ती उघडल्यावर रिलेची बाजू मोकळी होते की ट्रान्सफॉर्मरची, आणि शॉर्ट कोणत्या बाजूला होतो. शॉर्ट ट्रान्सफॉर्मरच्या बाजूलाच व्हायला हवा. चिन्ह उलटे बसले असेल तर कागद मला चुकीच्या बाजूला शॉर्ट करायला सांगतो आणि लिंक उघडताक्षणी सर्किट उघडे पडते. मूळ प्रश्नात चार वायरी आखूड पडल्या. इथे माणसाचा जीव जाऊ शकतो.

म्हणून फ्यूजचा टर्मिनल, लिंकचा टर्मिनल आणि अर्थिंगचा टर्मिनल यांना त्यांचीच चिन्हे वापरावीत. अर्थिंगचा हिरवा-पिवळा टर्मिनल आपल्या पायाने डिन रेलला (टर्मिनल बसवायच्या धातूच्या पट्टीला) विजेच्या दृष्टीने जोडला जातो, साधा टर्मिनल जोडला जात नाही. कागदावर दोन्ही गोल एकसारखे काढले तर यादीत चुकीची वस्तू येते.

कोल्हापूरची विद्यार्थिनी

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे ही महागडी सॉफ्टवेअर नाहीत. क्यूइलेक्ट्रोटेक या मोफत सॉफ्टवेअरवर सराव करते. त्यात हे सगळे शिकता येईल का?

नाशिकचे पॅनेल

जरूर येईल. त्यात घटक बनवताना तो टर्मिनल आहे असा प्रकार निवडता येतो, आणि पट्टीचे चित्र आपोआप तयार करणारे एक वेगळे प्लगइनही मिळते. ते प्लगइन एक्स१:१ अशा लेबलावरून पट्टीचे नाव आणि क्रमांक वेगळे करते, म्हणून लेबल काटेकोर लिहायची सवय तिथेच लागेल. दहा टर्मिनलची एक पट्टी घ्या, तिचा तक्ता आधी हाताने कागदावर बनवा आणि मग सॉफ्टवेअरच्या तक्त्याशी ताडून पाहा. आत-बाहेरचा विचार सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करणार नाही, तो करायची सवय कोणत्याही सॉफ्टवेअरवर लावून घेता येते.

चाकणचा आरेखक

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे मध्ये गेले, त्यात जे केले ते लिहितो.

१९ ते ३१ ची चिन्हे सरळ करून आकडे सरकवले. टर्मिनल डायग्राम पुन्हा काढून शॉपवरच्या पट्टीसमोर उभे राहून एकेक ओळ वायरमनबरोबर वाचली. त्याला पाऊण तास लागला.

२४ व्होल्टच्या कॉमनचा प्रश्न सोडवताना आणखी एक गोष्ट कळली. मी कॉमनचे टर्मिनल एकमेकांना वायरने जोडून दाखवले होते. त्यामुळे सात टर्मिनलसाठी सॉफ्टवेअरने सहा छोट्या वायरी आणि बारा फेरूल मोजले. प्रत्यक्षात तिथे वायर नको, टर्मिनलच्या मधल्या खाचेत बसणारा जंपर हवा. तो जंपर म्हणून दाखवल्यावर त्या वायरी यादीतून गेल्या. जंपर २, ३, ४, ५, १० अशा ठरावीक पोलचे (म्हणजे तितके टर्मिनल जोडणारे) सहज मिळतात, म्हणून सातासाठी ५ आणि ३ चे दोन घेऊन एका टर्मिनलवर दोन्ही बसवले. त्या टर्मिनलला जंपरच्या दोन खाचा आहेत याची आधी खात्री करून घेतली. चार शीटवरच्या एक्स१:५ ची मुख्य खूण एकाच ठिकाणी ठेवली, आणि पेनाने लिहिलेल्या ५अ ला योग्य क्रमांक देऊन ड्रॉइंगमध्ये आणले.

मग रेलची लांबी पुन्हा मोजली. जादा धरलेला ५अ मिळून टर्मिनल ३२ झाले. ग्राहकाला २० टक्के स्पेअर (राखीव मोकळे टर्मिनल) हवे होते, म्हणजे ६.४, म्हणून ७ धरले. एकूण ३९ टर्मिनल, प्रत्येकी ५.२ मिलिमीटर, म्हणजे २०२.८ मिलिमीटर. त्यात एंड प्लेट आणि दोन्ही टोकांचे एंड स्टॉपर मिळवून २२५ मिलिमीटरची रेल पुरली. आधीच्या लेआउटमध्ये मी २०० मिलिमीटरच ठेवले होते, कारण स्पेअर टर्मिनलना स्कीमॅटिकमध्ये चिन्हच नव्हते आणि ती मोजलीच गेली नव्हती.

एकच शंका उरली आहे. स्पेअर टर्मिनलचे चिन्ह वेगळ्या शीटवर काढावे की फक्त पट्टीच्या संपादकात घालावे? आणि तक्त्यात क्रम १, १०, ११, २ असा येतो आहे, तो कसा सरळ करावा?

नाशिकचे पॅनेल

आम्ही स्पेअरसाठी प्रत्येक पट्टीचे एक वेगळे शीट ठेवतो. दोन वर्षांनी पॅनेलमध्ये एखादा सेन्सर वाढला की साइटवरचा माणूस संपादक उघडत नाही, तो ड्रॉइंग चाळतो आणि मोकळा टर्मिनल कुठे आहे ते शीटवर शोधतो. चिन्ह तिथे काढलेले असेल तर त्याला ते मिळते.

क्रम बिघडण्याचे कारण असे की, क्रमांक मजकूर म्हणून लावला जातो आणि मजकुरात १० हे २ च्या आधी येते. ईप्लॅनमध्ये पट्टीच्या संपादकात जाऊन संख्येप्रमाणे क्रम लावा. त्यानंतर प्रत्येक टर्मिनलचा क्रम साठवला जातो आणि रिपोर्ट त्याच क्रमाने येतो. आपण नवीन घातलेल्या ५अ ला ३२ क्रमांक दिला असेल, तर जंपर बसण्यासाठी तो ५ च्या शेजारीच हवा. क्रमांक ३२ राहू द्या, पण क्रमात त्याला ५ आणि ६ च्या मध्ये ओढा, आणि शॉपला पट्टी बांधायला देण्याआधी सुपरवायझर साहेबांसारख्या एखाद्या माणसाला तो क्रम दाखवा.

वायरिंग सुपरवायझर, भोसरी

५ च्या शेजारी ३२ दिसला तर वायरमनला तो चुकून बसला असे वाटेल आणि तो काढून टोकाला लावेल. शक्य असेल तर कॉमनचे सगळे टर्मिनल एक्स१ मधून काढून वेगळ्या पट्टीवर घ्या. आमच्याकडे २४ व्होल्टची वेगळी आणि शून्य व्होल्टची वेगळी पट्टी असते, मग मध्ये कितीही वाढवले तरी क्रमांक सरळ राहतात.

चाकणचा आरेखक

पुढच्या पॅनेलचे ड्रॉइंग सोमवारी सुरू होते आहे. त्यात -एक्स३ ही २४ व्होल्टची आणि -एक्स४ ही शून्य व्होल्टची पट्टी वेगळी ठेवतो आणि लेआउट आधी काढतो. चौथ्या शीटनंतर काढलेला टर्मिनल डायग्राम येथेच टाकेन, कृपया सर्वांनी तपासावा.